जर्नलमधल्या लेखाचा संदर्भ नेमका कसा लिहायचा? (छापील आणि ऑनलाइन)

तळटीप

नमस्कार मंडळी,

प्रबंधाच्या संदर्भसूचीत पुस्तकांच्या नोंदी बहुतेक वेळा ठीक असतात. गाडी अडते ती जर्नलमधल्या लेखांपाशी. पुस्तक ही एकच वस्तू असते. लेख अंकात असतो, अंक खंडात, आणि तो खंड कुठे बांधून कपाटात, तर कुठे स्कॅन होऊन संकेतस्थळावर. प्रत्येक टप्प्यावर एखादा आकडा हरवतो किंवा बदलतो. म्हणून हा धागा फक्त जर्नलच्या लेखांसाठी. पुस्तके, प्रबंध, वर्तमानपत्रे इथे नकोत.

लेख वाचायला घेतलात की आधी या गोष्टी उतरवून घ्या: लेखकांची नावे छापली आहेत त्याच क्रमाने, लेखाचे उपशीर्षकासह पूर्ण शीर्षक, जर्नलचे पूर्ण नाव, खंड किंवा वर्ष, अंक क्रमांक, मुखपृष्ठावरची तारीख, लेखाचे पहिले आणि शेवटचे पान, आणि असेल तर डीओआय (लेखाला दिलेला कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक). हे सगळे लेखाच्या पहिल्या पानावरून आणि अंकाच्या मुखपृष्ठावरून घ्यायचे. बांधीव खंडाच्या पाठीवरून, पीडीएफच्या फाइलनावावरून किंवा दुसऱ्याच्या संदर्भसूचीवरून घेऊ नका. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) लिहून ठेवायला हरकत नाही, पण तो नोंदीत येत नाही. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगवेगळे असतात, त्यामुळे तो दिल्याने गोंधळच वाढतो.

आता एकच लेख संदर्भ देण्याच्या तीन प्रचलित पद्धतींनी (एपीए, एमएलए, शिकागो) लिहून पाहू. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा १९९८चा लेख इथल्या बऱ्याच जणांच्या सूचीत असेल.

एपीए (सातवी आवृत्ती):
रेगे, श. (१९९८). दलित विमेन टॉक डिफरंटली: अ क्रिटीक ऑफ 'डिफरन्स' अँड टुवर्ड्‌स अ दलित फेमिनिस्ट स्टँडपॉइंट पोझिशन. *इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली*, *३३*(४४), डब्ल्यूएस३९–डब्ल्यूएस४६.

एमएलए (नववी आवृत्ती):
रेगे, शर्मिला. "दलित विमेन टॉक डिफरंटली: … पोझिशन." *इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली*, खंड ३३, अंक ४४, १९९८, पृ. डब्ल्यूएस३९–डब्ल्यूएस४६.

शिकागोची तळटीप:
शर्मिला रेगे, "दलित विमेन टॉक डिफरंटली: … पोझिशन," *इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली* ३३, क्र. ४४ (१९९८): डब्ल्यूएस४१.

(दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यात शीर्षक इथे जागेसाठी तोडले आहे. तुमच्या सूचीत ते पूर्णच हवे.)

तीन गोष्टी नीट बघा. एपीएत खंडाचा आकडा तिरपा, कंसातला अंक सरळ, मध्ये जागा नाही आणि आकड्यांआधी 'पृ.' नाही. शिकागोच्या तळटीपेत तुम्ही ज्या पानाचा आधार घेतला तेवढेच पान येते, लेखाची पूर्ण पृष्ठमर्यादा सूचीत जाते. आणि 'डब्ल्यूएस' ही टंकनातली चूक नाही. या साप्ताहिकात स्त्री-अभ्यास, शेती, राजकीय अर्थशास्त्र अशा विशेष विभागांची पाने वेगळ्या अक्षरांनी मोजली जात. अक्षरे गाळून नुसते ३९–४६ लिहिले, तर वाचक त्या वर्षाच्या जानेवारीतल्या पानांवर जाऊन शोधत बसतो, कारण उरलेली पाने तेव्हा वर्षभर सलग मोजली जात होती.

रानजाई

फार उपयोगी धागा. माझा प्रश्न: लेख जेस्टोरवरून (जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहातून) उतरवला, पण पीडीएफमध्ये छापील अंकाचीच पाने आहेत. मग हा संदर्भ छापील धरायचा की ऑनलाइन? आणि लिंक कोणती द्यायची? ब्राउझरमधली लिंक दोन ओळी भरेल एवढी लांब आहे.

कपाटकिल्ली

रानजाई, छापील की ऑनलाइन हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी बघा: डीओआय आहे का?

डीओआय असेल तर एपीएत तो द्यायचाच, लेख तुम्ही वाचनालयात छापील वाचला असला तरी. डीओआय नसेल आणि लेख जेस्टोरसारख्या डेटाबेसवरून घेतला असेल, तर एपीएत लिंकही नको आणि डेटाबेसचे नावही नको. नोंद पानांच्या आकड्यांवर संपते, छापील लेखासारखीच. तळटीप यांनी दिलेला एपीए नमुना म्हणूनच तिथे थांबतो. एमएलएचे वेगळे आहे. तिथे डेटाबेस म्हणजे लेखाला धरून ठेवणारी दुसरी पेटी, त्यामुळे पानांनंतर 'जेस्टोर' हे नाव आणि लिंक येते. शिकागोत डीओआय नसेल तर स्थिर लिंक किंवा डेटाबेसचे नाव, यातले एक पुरे.

लिंकबद्दल. ब्राउझरच्या पट्टीतली लांबलचक लिंक देऊ नका. महाविद्यालयाच्या लॉगिनमधून आत गेलेले असाल तर तिच्यात तुमच्या संस्थेच्या प्रॉक्सीचा पत्ता मिसळलेला असतो. बाहेरच्या माणसाने ती उघडली की त्याच्यासमोर लॉगिनचे पान येते, लेख नाही. जेस्टोर प्रत्येक लेखाच्या पानावर 'स्टेबल यूआरएल' देते, ती घ्या. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या जर्नल-वर्गणी योजनेतून बरेच जण लेख उतरवतात. त्या योजनेचे किंवा पोर्टलचे नावही नोंदीत येत नाही. लेख तुमच्यापर्यंत कोणत्या दाराने आला याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते.

पानांचा आकडा घेताना एक काळजी घ्या. जेस्टोर पीडीएफला पुढे स्वतःचे एक आवरणपान जोडते. पीडीएफ वाचक 'पान ३' दाखवत असेल तर ते लेखाचे दुसरे पान असते. आकडा नेहमी पानावर छापलेला घ्यायचा, स्क्रीनच्या कोपऱ्यातला नाही.

आता डीओआय कसा लिहायचा. तो नेहमी १० या आकड्याने सुरू होतो, मग टिंब, प्रकाशकाचा क्रमांक, तिरपी रेघ आणि पुढे लेखाची ओळख. आज तो पूर्ण लिंक म्हणून लिहायचा, म्हणजे 'एचटीटीपीएस' आणि डीओआय.ऑर्ग यांसकट. जुन्या लेखांवर 'डीएक्स'ने सुरू होणारा पत्ता किंवा नुसते 'डीओआय:' छापलेले दिसेल. ते चालते, पण सूचीत सगळीकडे नवे रूप करून घ्या. लिंकच्या शेवटी पूर्णविराम एपीएत नको, कारण कॉपी करताना तो लिंकला चिकटतो आणि लिंक उघडत नाही. एमएलए आणि शिकागोत पूर्णविराम असतो.

डीओआय बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पीडीएफमध्ये तो दोन ओळींत तुटलेला असतो आणि कॉपी करताना मध्ये जागा शिरते. वर्ड त्यातल्या साध्या जोडरेघेची आपणहून लांब रेघ करतो. आणि डोळ्याने बघून टाइप केला तर शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल होते. म्हणून सूची पूर्ण झाली की ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, जिथे तुमचे लॉगिन नाही, आणि एकेक डीओआय चिकटवून बघा. लेखाचे शीर्षक आणि सारांश दिसला पाहिजे. पूर्ण लेख पैसे मागत असेल तर मागू दे.

सूक्ष्मदर्शी

विज्ञान आणि वैद्यक शाखेच्या मंडळींसाठी थोडी भर.

बऱ्याच ऑनलाइन जर्नलांत पानांचे आकडेच नसतात, लेखाला क्रमांक असतो. प्लॉस वनमधल्या लेखांचे क्रमांक 'ई'ने सुरू होतात. अशा लेखाची पीडीएफ १ ते १५ पानांची दिसते म्हणून 'पृ. १–१५' लिहू नका, कारण त्या जर्नलमधला प्रत्येक लेख १ पासूनच सुरू होतो. एपीएत पानांच्या जागी 'लेख' हा शब्द आणि मग क्रमांक येतो.

दुसरी गोष्ट वर्षाची. लेख डिसेंबरमध्ये ऑनलाइन येतो आणि अंकात पुढच्या वर्षी जातो. अंक मिळाला असेल तर अंकाचे वर्ष, खंड आणि पाने द्या. अंक अजून ठरलेला नसेल तर ऑनलाइन तारखेचे वर्ष, खंड-पानांऐवजी 'आगाऊ ऑनलाइन प्रकाशन', आणि डीओआय. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात अशा सगळ्या नोंदी पुन्हा तपासा. डीओआय तोच राहतो, बाकी बदललेले असू शकते. वर्ष बदलले तर मजकुरातल्या कंसातले वर्षही बदला. हे विसरले की सूचीत एक वर्ष आणि मजकुरात दुसरे असे होते, आणि परीक्षक पहिल्यांदा तेच पकडतात.

प्रीप्रिंट (जर्नलमध्ये येण्याआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) वाचला असेल आणि लेख नंतर जर्नलमध्ये आला असेल, तर जर्नलचे रूप वाचून त्याचाच संदर्भ द्या. दोन्हींत आकडे वेगळे असू शकतात.

लेखक खूप असले तर: एपीएच्या सातव्या आवृत्तीत २० लेखकांपर्यंत सगळी नावे. २१ किंवा जास्त असतील तर पहिली १९, मग तीन टिंबे, मग शेवटचे नाव. मजकुरात मात्र तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच वेळेपासून 'पहिले आडनाव व इतर'. वैद्यकातल्या व्हँकूव्हर पद्धतीत बहुतेक जर्नले पहिली सहा नावे आणि मग 'व इतर' मागतात. तिथे जर्नलचे नावही संक्षिप्त असते. ते मनाने करू नका, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमधून घ्या. एपीए, एमएलएत संक्षेप चालत नाही.

आणि कृपया, लेख मागे घेतला गेला आहे का ते बघा. मागे घेतलेल्या लेखाच्या पीडीएफवर आडवा शिक्का असतो, पण तुम्ही ती दोन वर्षांपूर्वी उतरवली असेल तर तुमच्या प्रतीवर नसणार. प्रकाशकाच्या पानावर जाऊनच तपासा.

ओवी१२

एवढे हाताने कशाला? गूगल स्कॉलरमध्ये लेखाखालच्या अवतरणचिन्हावर टिचकी मारली की एपीए, एमएलए, शिकागो सगळे तयार मिळते. नाहीतर संदर्भ साठवणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर आहेच.

कपाटकिल्ली

ओवी, झोटेरो जरूर वापरा. स्कॉलरची तयार नोंद मात्र तशीच उचलू नका. तिच्यात डीओआय नसतो, अंकाचा आकडा कधी गळालेला असतो, आणि शीर्षकातली मोठी-लहान अक्षरे स्रोतात जशी असतील तशी येतात. शीर्षक मूळ पानावर पूर्ण मोठ्या अक्षरांत छापलेले असेल तर नोंदीतही तसेच ओरडत येते.

झोटेरोत जादूच्या कांडीच्या बटणात डीओआय टाका. माहिती प्रकाशकाने नोंदवलेली येते, त्यामुळे बरीच नीट असते. पण आली की प्रत्येक खाना मूळ लेखाशी ताडून बघा. इंग्रजी शीर्षक वाक्यासारखे साठवा, म्हणजे फक्त पहिले अक्षर आणि विशेषनामे मोठी. शीर्षकाच्या खान्यावर उजवी टिचकी मारली की तसा बदल करता येतो. एमएलएला लागणारी मोठी अक्षरे झोटेरो स्वतः करतो, उलट दिशेने त्याला विशेषनामे ओळखता येत नाहीत. झोटेरोचा आणखी एक फायदा असा की मागे घेतलेल्या लेखावर तो लाल पट्टी दाखवतो.

मराठी लेखांसाठी मात्र हे बटण जवळपास निरुपयोगी. बहुतेक मराठी नियतकालिकांना डीओआय नाही. तिथे हातानेच भरावे लागते.

रानजाई

तेच विचारायचे होते. मराठी नियतकालिकांचे काय? कुठे 'वर्ष' लिहिलेले असते, कुठे 'खंड', कुठे जोडअंक, कुठे तारखेऐवजी ऋतू. जुन्या अंकांवर तर शके.

जुनाअंक

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'वर्ष' म्हणजेच खंड. मुखपृष्ठावर 'वर्ष २५, अंक १' असेल तर एपीएत २५(१). तुमची सूची मराठीत असेल तर 'वर्ष' हाच शब्द ठेवा. पण हे वर्ष जानेवारीपासूनच मोजलेले असेल असे धरू नका. बरीच मासिके ऑक्टोबरपासून किंवा एप्रिलपासून वर्ष मोजतात, त्यामुळे एकाच 'वर्ष १२'मध्ये दोन सनांचे अंक असतात. बांधीव खंडाच्या पाठीवर यातला एकच सन ठोकलेला असतो. लेखाचा सन ठरवायचा तो त्या अंकाच्या मुखपृष्ठावरून. बांधणीत मुखपृष्ठे काढून टाकली असतील तर अनुक्रमणिकेच्या पानावर किंवा मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत महिना बघा.

जोडअंक: 'अंक ३-४' असेच लिहा, त्यातला एक निवडू नका. ऋतू: मराठी अभ्यास परिषदेच्या 'भाषा आणि जीवन'च्या अंकांवर हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, दिवाळी अशी नावे असतात. अंक क्रमांक द्या आणि तारखेच्या जागी 'पावसाळा' आणि सन द्या. पावसाळ्याचा 'जुलै' करू नका, तो तुमचा अंदाज होईल. दिवाळी अंकाला क्रमांक नसेल तर क्रमांकाच्या जागी 'दिवाळी अंक'. अंक उशिरा निघाला असेल, म्हणजे मार्चचा अंक ऑगस्टमध्ये हातात पडला असेल, तरी मुखपृष्ठावरचाच महिना द्यायचा. ग्रंथालयात तो त्याच नावाने लावलेला असतो.

शके: भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या प्रकाशनांत आणि एकोणिसाव्या शतकातल्या मासिकांत शके भेटतो. चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. माघ शके १८४० म्हणजे १९१९, १९१८ नव्हे. पौष, आणि कधी मार्गशीर्षही, मात्र डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, त्यासाठी त्या वर्षाचे पंचांग बघा. नोंदीत दोन्ही द्या: आधी छापलेला शके, मग चौकोनी कंसात इसवी सन. चौकोनी कंस म्हणजे ही भर संपादकाची, मूळ पानावरची नाही.

पाने: मासिकात लेख १२ ते १५ पानांवर आणि 'उर्वरित मजकूर पान ४८ वर' असेल, तर पृ. १२–१५, ४८. सरसकट १२–४८ लिहिले तर मधले पाच लेखही त्याच लेखकाचे ठरतात.

नावे: लेखाखाली जशी सही आहे तशी. पूर्ण नाव ठाऊक असले तरी आद्याक्षरे फोडायची तर चौकोनी कंसात. टोपणनावाने लेख असेल तर सूचीत टोपणनावच पुढे.

आता खंडाच्या आकड्याकडे. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. हे जर्नल मुंबईहून निघे. निबंधाच्या अनेक पुनर्मुद्रणांत आणि त्यावरून बऱ्याच सूच्यांत खंडाचा रोमन आकडा 'एक्सएलआय' म्हणजे ४१ दिसतो. 'इंडियन अँटिक्वेरी'चा पहिला खंड १८७२ चा. दरवर्षी एक खंड, म्हणजे सनातून १८७१ वजा केले की खंड मिळतो. १९१७ चा खंड ४६, रोमन आकड्यात 'एक्सएलव्हीआय'. मधले एक 'व्ही' नाही, एवढाच फरक. पण ४१ वा खंड १९१२ चा आहे. वाचनालयात कोणी ४१ मागितला तर त्याच्या हाती पाच वर्षे आधीची पाने पडतात आणि निबंध सापडत नाही. ज्यांनी ४१ लिहिले त्यांनी मूळ अंक पाहिला नाही, एवढे त्या एका आकड्यावरून कळते.

अशी वजाबाकी प्रत्येक जुन्या जर्नलसाठी करून ठेवा. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नावाने १९६६ पासून निघते, म्हणून सनातून १९६५ वजा. २०१५ चा खंड ५०. वर रेगे यांचा १९९८ चा लेख ३३ व्या खंडात आहे, हिशेब जुळतो. १९६६ च्या आधीचा लेख असेल तर जर्नलचे नाव 'इकॉनॉमिक वीकली' हवे, आजचे नाव मागे लावू नका.

तळटीप

जुनाअंक, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. त्याला जोडून दोन मुद्दे.

मूळ अंक पाहणे शक्यच नसेल तर तसे सांगा. मजकुरात मूळ लेखक, मग 'उद्धृत' आणि ज्या पुस्तकात वा लेखात वाचले त्याचा लेखक व सन. सूचीत फक्त तुम्ही वाचलेले येईल. यात कमीपणा नाही. न पाहिलेला अंक पाहिल्यासारखा लिहिला की दुसऱ्याची चूक तुमच्या नावावर चढते.

दुसरे, इंग्रजी लेखात मराठी संदर्भ देताना. एपीएत मराठी शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतर करून द्यायचे आणि लगेच चौकोनी कंसात त्याचे इंग्रजी भाषांतर, सरळ टायपात. जर्नलचे नाव फक्त लिप्यंतरित, भाषांतर नको. नियतकालिकानेच लेखाचे इंग्रजी शीर्षक छापले असेल तर तेच वापरा. लिप्यंतराची पद्धत एकच ठेवा, नाहीतर एकच नियतकालिक सूचीत तीन स्पेलिंगांनी दिसते.

सूक्ष्मदर्शी

देवनागरी सूचीत तिरपा टाइप वापरावा का? बऱ्याच फाँटमध्ये तो नुसता ढकलल्यासारखा दिसतो आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर चढतात.

तळटीप

माझ्या मते नको. नियतकालिकाचे नाव ठळक करा किंवा एकेरी अवतरणात द्या, आणि सूचीच्या सुरुवातीला एका ओळीत तसे सांगा. विद्यापीठाच्या नियमावलीत तिरप्याची सक्ती असेल तर प्रश्नच नाही.

कपाटकिल्ली

देवनागरी सूचीचा अकारविल्हे क्रमही वर्डवर सोडू नका. ॲ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते, एकसंध किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे, त्यामुळे एकाच लेखकाच्या दोन नोंदी दोन जागी जातात. ळ हा ह नंतर न येता ल ला चिकटून येतो. क्षीरसागर क च्या गटात की सगळ्यात शेवटी, हे आधी ठरवा आणि शेवटचा हात स्वतः फिरवा.

ओवी१२

वरच्या वजाबाकीने एक गोष्ट लक्षात आली. चॅटजीपीटीने दिलेले संदर्भ तपासायलाही ती चालेल ना?

जुनाअंक

चालेल, पण पुरणार नाही. बनावट संदर्भात लेखक खरा असतो, जर्नल खरे असते, सन-खंडही कधी जुळतात. नसतो तो लेख. डीओआय उघडून बघा: कधी तो उघडतच नाही, कधी भलत्याच लेखावर जातो. डीओआय नसेल तर त्या अंकाची अनुक्रमणिका काढा आणि त्या पानावर कोणता लेख आहे ते बघा. अनुक्रमणिकेत नाव दिसले नाही तर नोंद काढून टाका, त्यावर आधारलेले वाक्यही.

रानजाई

शेवटचा प्रश्न. फक्त संकेतस्थळावर निघणारे मराठी नियतकालिक, डीओआय नाही, पाने नाहीत, खंडही नाही. काय लिहू?

कपाटकिल्ली

लेखक, पूर्ण तारीख (सन एकटा नको, दिवस-महिनाही), शीर्षक, नियतकालिकाचे नाव आणि त्या लेखाचीच थेट लिंक. मुखपृष्ठाची लिंक देऊ नका. मजकुरात पानाऐवजी उपशीर्षक किंवा परिच्छेद क्रमांक द्या, 'परि. ६' असा. पाहिल्याची तारीख एपीए फक्त बदलत्या मजकुराला मागते, एमएलए ऐच्छिक ठेवते. अशा संकेतस्थळांसाठी ती द्यावी असे माझे मत आहे, कारण ती बंद पडतात. त्यासाठीच लेख वाचला त्याच दिवशी वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ' खान्यात लिंक टाकून पान जतन करा. मिळालेली जतन-लिंक झोटेरोतल्या नोंदीत ठेवा, आणि मूळ पान गेले तर सूचीत मूळ लिंकऐवजी ही द्या.